आणि फंडाचे काय?



भोर किंवा वेल्हे तालुक्यात नवरा-बायकोने वेगळे व्हायचे ठरले की कोर्टाच्या आधी बैठक बसते. कधी तिच्या माहेरच्या ओट्यावर, कधी देवळात, तर हल्ली महामार्गावर नसरापूर-कापूरहोळकडच्या एखाद्या हॉटेलात, समोर चहाचे कप ठेवून. दोन्हीकडची चार-चार माणसे, एखादा पोलीसपाटील आणि एखादा ‘कायद्यातले कळणारा’. जिच्या संसाराचा फैसला व्हायचा असतो ती बाई बहुतेक वेळा आतल्या खोलीत. बाहेर यादी होत असते. लग्नात घातलेले मणी-डोरले, हंडा-कळशी, कपाट, गादी. मग ‘एकरकमी’चा आकडा. त्यावर तासभर ओढाताण होते, कुणीतरी मधला आकडा सांगते, आणि स्टँपपेपरवर शेवटचे वाक्य पडते: यापुढे उभयतांचा एकमेकांवर कोणताही हक्क राहणार नाही. बाईला बाहेर बोलावून सही किंवा अंगठा घेतात. सगळ्यांना सुटल्यासारखे वाटते. खरे तर तिलाही वाटते.

या यादीत एक शब्द आम्हाला सापडत नाही, तो म्हणजे फंड. नवऱ्याच्या पगारातून वर्षानुवर्षे कापला गेलेला भविष्यनिर्वाह निधी, त्याची ग्रॅच्युइटी, त्याचे पेन्शन. नवरा तो काढत नाही हे समजण्यासारखे आहे. पण तिचा भाऊ काढत नाही, पंच काढत नाहीत, तिचा वकील क्वचित काढतो, आणि तिच्या बाजूने बैठकीला गेलेल्या आपण कार्यकर्त्यासुद्धा काढत नाही. “ताई, फंड त्याच्या नावावर हाये, त्यात माझं काय?” असे तिने विचारले की आपल्यापाशी सरळ उत्तर नसते. या वेळचे संपादकीय त्या उत्तराच्या शोधासाठी आहे.

हा प्रश्न या दोन तालुक्यांत इतका महत्त्वाचा का? डोंगर, पाऊस आणि धरणे यांनी इथले अर्थकारण घडवले आहे. भाटघर, पानशेत, नीरा-देवघर, गुंजवणी ही सगळी धरणे इथलीच, आणि त्यांखाली गेलेल्या जमिनीही इथल्याच लोकांच्या. उरले ते भाताचे तुकडे आणि वरकस जमिनीवरची नाचणी-वरई. त्यावर घर चालत नाही म्हणून पुरुष पिढ्यान्‌पिढ्या बाहेर पडले. मुंबईच्या गिरणीत, गोदीत, माथाडी मंडळाच्या टोळीत, एसटीत, पोलिसांत, आणि आता पुण्याच्या किंवा शिरवळच्या कारखान्यात. बायका मागे राहिल्या. चिखलात लावणी तिने केली, जनावरे तिने पाहिली, सासू-सासऱ्यांचे हगणे-मुतणे तिने काढले, पोरे तिने वाढवली. हे सगळे मागे कुणीतरी करत होते, म्हणूनच त्याला खोलीवर राहून महिन्याचे सव्वीस दिवस भरता आले. ते भरले म्हणून पगार, आणि पगारातून फंड. वाटणीला यावे असे बाकी काय असते? जमीन सासऱ्याच्या किंवा चार भावांच्या सामाईक सात-बारावर. घर गावठाणात, आजोबांच्या नावाचे. म्हणजे त्या संसारात दोघांच्या काळात नव्याने जमा झालेली एकच मोठी गोष्ट उरते आणि ती त्याच्या फंडाच्या खात्यात असते.

जरा हिशेब करून पाहू. समजा, एका कारखान्यातल्या माणसाचा फंडासाठी धरला जाणारा पगार १५,००० रुपये आहे. त्याच्याकडून १२ टक्के कापले जातात. मालकही १२ टक्के भरतो, पण त्यातले ८.३३ टक्के पेन्शन योजनेकडे जातात आणि ३.६७ टक्के फंडात पडतात. म्हणजे फंडात महिन्याला साधारण २,३५० रुपये. लग्नाला वीस वर्षे झाली आणि पगार तेवढाच धरला, तर व्याज सोडून हे झाले सुमारे ५ लाख ६४ हजार. ग्रॅच्युइटी दर वर्षाला पंधरा दिवसांच्या पगाराइतकी, महिन्याचे सव्वीस दिवस धरून; वीस वर्षांची सुमारे १ लाख ७३ हजार. शिवाय वय झाल्यावर मिळणारे पेन्शन वेगळे. वीस वर्षांचे व्याज आपण अजून धरलेलेच नाही, आणि चक्रवाढ व्याज ही लहान गोष्ट नव्हे. आता हा आकडा एका हातात आणि बैठकीतल्या ‘एकरकमी’चा आकडा दुसऱ्या हातात धरून पाहा. बैठकीत दीड लाखाचे दोन लाख करून घेतले म्हणून आपण त्या दिवशी खूश होऊन एसटीत बसलेलो असतो.

कायदा काय म्हणतो? सरळ सांगायचे तर कायदा या बाबतीत गप्प आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचे कलम २७ मालमत्तेबद्दल बोलते, पण ते लग्नाच्या वेळी दोघांना मिळून दिलेल्या वस्तूंपुरते. त्या भांड्याकुंड्यांच्या यादीचे मूळ बहुधा तिथेच आहे! लग्नानंतर संसारात जे कमावले त्यात दोघांचा वाटा, हे तत्त्व आपल्या कायद्यात नाही. ज्याच्या नावावर, त्याचे. कलम २५ खाली कायम पोटगी किंवा एकरकमी रक्कम मागता येते, आणि ती ठरवताना न्यायालय नवऱ्याचे उत्पन्न आणि मालमत्ता पाहते. म्हणजे फंड हिशेबात आणता येतो, पण तिचा वाटा म्हणून नव्हे. तिच्या गरजेचे माप ठरवायला म्हणून. फरक शब्दाचा वाटेल, पण तसा नाही. वाटा हक्काने मागतात. पोटगी मागताना आधी आपण किती निराधार आहोत ते सिद्ध करावे लागते, आणि दुसऱ्या बाजूचा वकील तिने शेतमजुरीचे किती मिळवले ते उलटतपासणीत काढतो.

शेजारी गोव्यात चित्र वेगळे आहे. तिथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या पद्धतीप्रमाणे, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक मानतात आणि दोघांचा निम्मा-निम्मा हिस्सा. गोव्यातल्या बायकांचे सगळे प्रश्न त्याने सुटले असे कुणी म्हणणार नाही. पण निम्म्याची भाषा तिथे कायद्यात आहे. उरलेल्या देशासाठी ती आणण्याचा एक अर्धामुर्धा प्रयत्न झाला होता. विवाह कायदे दुरुस्ती विधेयक २०१० साली आले, २०१३ च्या ऑगस्टमध्ये राज्यसभेने मंजूर केले, त्यात नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेतून बायकोला हिस्सा देण्याची तरतूद होती. २०१४ मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक बारगळले. त्यातही मुख्य बोलणे होते ते घराजमिनीचे.

उलट फंडाभोवती कायद्याने भिंत बांधली आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे सक्तीचा भविष्यनिर्वाह निधी आणि सरकारी पेन्शन यांवर जप्ती येत नाही. हेतू चांगला होता. सावकाराने कामगाराचे म्हातारपण लुटू नये म्हणून ती भिंत. पण बायको म्हणजे सावकार नव्हे. पोटगीचा हुकूम हातात घेऊन ती गेली आणि नवरा एव्हाना निवृत्त झालेला असला, तर हीच भिंत तिच्यासमोर उभी केली जाते. पेन्शनच्या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१९ साली तिला भगदाड पाडले: पेन्शनला जप्तीपासून असलेले संरक्षण बायकोच्या पोटगीच्या आड येत नाही, असे त्या निकालात म्हटले आहे. हा निकाल आपल्या प्रत्येक सल्लाकेंद्राच्या फाइलीत असायला हवा. पगाराचे तर कलम ६० मध्येच वेगळे सांगितले आहे. पोटगीच्या हुकमासाठी पगाराचा फक्त एक तृतीयांश भाग जप्तीतून सुटतो. दोन तृतीयांशापर्यंत हात घालता येतो. नोकरी चालू असतानाच पोटगी वसूल करणे किती सोपे, आणि वसुली निवृत्तीनंतरवर ढकलणे किती महाग, हे यातून कळते.

आता एका अवघड जागी येऊ. इथे आमच्यातही मतभेद आहेत.

सरकारी नोकर, जिल्हा परिषदेचा शिक्षक किंवा पोलीस वारला की जुन्या नियमांखाली त्याच्या विधवेला कुटुंबनिवृत्तिवेतन मिळते. कारखान्यातल्या कामगाराच्या विधवेला १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेखाली मिळते. नवऱ्याने टाकलेली, वर्षानुवर्षे माहेरी राहिलेली, पण घटस्फोट न झालेली बाई कायद्याने त्याची पत्नीच असते आणि त्याच्यामागे विधवाच होते. घटस्फोट झाला की तो हक्क संपतो. म्हणजे तीस वर्षे संसार करून मोकळी झालेली बाई शून्यावर, आणि नाव लावून कुढत बसलेली बाई पेन्शनवर. असा हा न्याय! ऐंशीच्या दशकात महाराष्ट्रात परित्यक्तांच्या चळवळीने ‘टाकलेली’ हा शिक्का पुसायचा म्हटले, सन्मानाने वेगळे होण्याचा हक्क मागितला. त्याच बाईला आज आपण काय सांगायचे? “सही करू नकोस, तो मरेपर्यंत थांब”?

आमच्या एका कार्यकर्तीचे म्हणणे, होय, हेच सांगावे, पोट आधी. दुसरीचे म्हणणे, असे सांगणे म्हणजे तिला परत त्याच खुंट्याला बांधणे. संपादक मंडळाचे बहुमत असे की सल्ला देणे आपले काम नाही, हिशेब मांडून देणे आहे. घटस्फोटाने काय जाते ते तिला सहीच्या आधी कळले पाहिजे, आणि जे जाते त्याची किंमत एकरकमी रकमेत धरून मागितली पाहिजे. मग ती ठरवील. मार खाऊन आलेल्या बाईने हिशेब बाजूला सारून उद्याच मोकळे व्हायचे म्हटले, तर तिच्यासोबत जायचे.

इथेच स्टँपपेपरवरच्या फारकतीची दुसरी बाजू निघते. ज्या जातीत काडीमोडीची रूढी न्यायालयात सिद्ध करता येते तिथे हिंदू विवाह कायद्याचे कलम २९ अशा फारकतीला मान देते. तशी रूढी सिद्ध झाली नाही तर तो कागद निव्वळ कागद. लग्न मोडलेले नसते. आपल्या मावळपट्ट्यात अशा किती बाया असतील, की ज्या स्वतःला सोडलेली समजून बसल्या आहेत आणि कायद्याने अजून पत्नी आहेत! पंचवीस वर्षांपूर्वीची फारकत दाखवून त्यांना कुणी ऑफिसातून परत पाठवत असेल, तर तो कागद वकिलाला दाखवल्याशिवाय परत फिरू नये.

मग दुसरीचे काय? त्या माणसाने मधल्या काळात दुसरा संसार मांडलेला असतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०१९ मध्ये सांगितले की पहिले लग्न कायम असताना केलेले दुसरे लग्न हिंदू विवाह कायद्याने रद्दबातल असेल, तर त्या दुसऱ्या बाईला कुटुंबनिवृत्तिवेतन नाही. पहिलीच्या बाजूने हा निकाल आहे आणि आम्ही तो वापरणार. पण दुसरीनेही वीस-वीस वर्षे त्याच्या पोळ्या लाटलेल्या असतात, आणि पुष्कळदा ‘पहिलीची फारकत झालीय’ हे त्याच कागदावरून तिला सांगितलेले असते. दोन बायांना एका पेन्शनवर झुंजवून तो मात्र सरणावर निवांत. दोघींची मिळून बैठक घेता आली तर पाहावी. हे बोलणे सोपे आहे, याची आम्हाला कल्पना आहे.

थोडे आपल्याबद्दलही बोलले पाहिजे. शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीने १९८६ साली चांदवडला बायकांचा मोठा मेळा भरवला. पुढे ‘लक्ष्मी मुक्ती’च्या मोहिमेत शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन करून द्यावी असा आग्रह धरला गेला. १९९४ च्या राज्याच्या महिला धोरणाने संपत्तीतल्या हक्काचा विषय सरकारी कागदावर आणला. ‘घर दोघांचे’ म्हणत आपण ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर बायकांची नावे चढवली. जमीन, घर, स्त्रीधन या तिन्हींची नावे आपण घेतली, फंडाचे घेतले नाही. असे का झाले असावे? जमीन दिसते, घर दिसते, डोरले गळ्यात असते. फंड दिसत नाही. तो कुठल्याशा ऑफिसात असतो, त्याची भाषा इंग्रजी, त्याचा फॉर्म नवऱ्याच्या हातात. शिवाय कामगार संघटनांनी फंड हा कामगाराचा, म्हणजे पुरुषाचा, घामाचा पैसा म्हणून लढून मिळवला. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा गावाकडे परतलेल्या कामगाराला भात कुणी घातला, याचा हिशेब त्या लढ्यातही कुणी मांडला नाही.

जगात मात्र मांडला गेला आहे. जर्मनीत १९७७ पासून घटस्फोटाच्या वेळी लग्नाच्या काळात दोघांनी मिळवलेले पेन्शनचे हक्क मोजतात आणि निम्मे-निम्मे करतात. दक्षिण आफ्रिकेत १९८९ च्या दुरुस्तीने पेन्शनमधला हितसंबंध संपत्तीच्या वाटणीत धरायला सुरुवात झाली. ब्रिटनमध्ये २००० च्या डिसेंबरपासून न्यायालय पेन्शनची वाटणी करून देऊ शकते. जपाननेही २००७ पासून हे सुरू केले. या देशांत नवऱ्याच्या नोकरीमागे राहून घर सांभाळणाऱ्या बायकांचीच संख्या मोठी होती; तेव्हा ‘आपल्याकडे परिस्थिती वेगळी’ हे उत्तर चालणार नाही. आपल्याकडेही २०२३ च्या जूनमध्ये मद्रास उच्च न्यायालयाने म्हटले आहे की घर सांभाळणाऱ्या पत्नीचा नवऱ्याच्या मिळकतीत हातभार असतो, म्हणून त्यातून घेतलेल्या मालमत्तेत तिचा समान वाटा आहे. हा निकाल तिथल्या एका प्रकरणापुरता. पण युक्तिवाद आपल्या वकिलांनी उचलण्यासारखा आहे.

एक गोष्ट मात्र आधीच कबूल करू. असा कायदा झाला तर तो शिक्षिकेच्या आणि नर्सबाईच्या फंडालाही लागू होईल. दारुड्या नवऱ्याला पोसून जिने नोकरी केली तिचा निम्मा फंड त्याला द्यायचा? म्हणून निम्म्याच्या नियमाला न्यायालयाने कमी-जास्त करण्याची मुभा हवी, आणि घरातले काम कुणी केले हा प्रश्न त्यात लिहिलेला हवा. दोघांच्या नोकऱ्या आणि दोन्ही कामे तिचीच, हे चित्र पुणे-सातारा रस्त्यावर रोज सकाळी एसटीच्या थांब्यावर दिसते.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर बैठकीला आणि कोर्टात जाताना काही गोष्टी हाताशी ठेवता येतात. पहिली, माहिती. सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालात पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोन्ही बाजूंनी उत्पन्न, मालमत्ता आणि देण्यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे असे बंधन घातले आहे. प्रकरण नागपूरहून गेलेले होते. ते प्रतिज्ञापत्र आले की फंडाच्या रकान्याकडे बोट ठेवा. नोंद नसेल तर पगारपत्रक आणि फंडाचा उतारा मागवण्याचा अर्ज द्या. पगारपत्रकाचा एखादा जुना कागद घरात असेल तर घर सोडताना लुगड्यांबरोबर तोही पिशवीत टाकायला सांगा. दुसरी, पैसा हलू न देणे. कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली (२००५) दंडाधिकारी मालमत्ता विकायला आणि बँकखाते वापरायला मनाई करू शकतात, आणि कलम २० प्रमाणे मालकाला थेट हुकूम देऊन पगारातली रक्कम बाईकडे वळवू शकतात. फंड निवृत्तीआधीच काढून आईच्या नावे गुंठा घेण्याची युक्ती जुनी आहे. अर्ज त्याच्या आधी पडला पाहिजे. तिसरी, नोंद. घटस्फोट झालेला नसेल तर नवऱ्याच्या ऑफिसला लग्नाच्या पुराव्यासह लेखी कळवून पोच घ्या, सेवापुस्तकातल्या कुटुंबाच्या तपशिलात आपले नाव आहे का ते विचारा. कारखान्याच्या फंडात बायको-मुले असताना भावा-पुतण्याचे नाव नामनिर्देशनात घातलेले टिकत नाही. अवलंबून असलेल्या आईचे टिकू शकते, हेही लक्षात ठेवा.

परवाच्या बैठकीत हे सगळे सांगून झाल्यावर मागच्या रांगेतून कानंद खोऱ्यातली एक बाई उठली. म्हणाली, “माझी सही होऊन सहा वर्सं झाली. औंदा त्यो रिटायर व्हतोय. आता काय?” तिच्या कागदावर ‘कोणताही हक्क राहणार नाही’ हे वाक्य आहेच. पण तिचा घटस्फोट कोर्टातून झाला आहे, आणि कलम २५ प्रमाणे कायम पोटगीचा अर्ज हुकूमनाम्यानंतरही करता येतो. आधी ठरलेली रक्कम परिस्थिती बदलल्यावर बदलून मागता येते. परस्परसंमतीने घटस्फोट घेतलेल्या आणि पुन्हा लग्न न केलेल्या बाईला दंडाधिकाऱ्याकडे पोटगी मागण्याचा हक्क राहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच म्हटले आहे. तेव्हाचे कलम १२५, आता नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४. ‘हक्क राहणार नाही’ या वाक्यावर दुसरी बाजू अडून बसेल, आणि निकाल काय लागेल ते आज सांगता येत नाही. तिचे कागद आम्ही ठेवून घेतले आहेत. नवऱ्याची निवृत्ती मे अखेरची आहे, त्याआधी अर्ज दाखल करायचा आहे.